गल्ला भरलेला, तरी रात्री झोप नाही: पैशांच्या टेन्शनचा हिशोब मांडूया



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पैशांच्या टेन्शनवर बोललो. व्हिडिओत आकडे पटापट पुढे जातात, म्हणून तेच सगळं इथे सावकाश लिहून देतोय. एक वही, एक पेन आणि घरात कोणी हाक मारणार नाही असा एक तास, एवढी तयारी करून वाचलंत तर जास्त फायदा होईल.

माझ्या प्रत्येक बॅचमध्ये मी पहिल्या दिवशी दोन प्रश्न विचारतो. पहिला, काल गल्ल्यात किती जमा झाले? या प्रश्नाचं उत्तर लगेच येतं. ४ हजार, ७ हजार, कोणी १२ हजार सांगतं. दुसरा प्रश्न, त्यातले तुमच्या घराचे किती? इथे सगळे एकमेकांकडे बघायला लागतात.

छोट्या व्यावसायिकाचं पैशांचं टेन्शन बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नात असतं. नोकरदाराला निदान माहीत असतं की १ तारखेला एवढे येणार. आपल्याकडे रोज पैसा येतो, रोज जातो, आणि घरचा कुठला, दुकानाचा कुठला हे कळत नाही. हातात नोटा खेळतायत आणि पोटात गोळा आलाय, अशी ती अवस्था. आज हा गुंता सोडवूया.

टेन्शनमध्ये डोकं का चालत नाही?

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. पैशांची चिंता वाटते म्हणजे तुम्ही कच्चे आहात, धंद्याच्या लायकीचे नाही, असं काही नसतं.

२०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लाइनाथन, एल्दार शफिर आणि जियायिंग झाओ हे त्याचे अभ्यासक. त्यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांना बुद्धीच्या काही चाचण्या दोनदा दिल्या. एकदा ऊस तोडणीच्या आधी, हातात पैसा नसताना. दुसऱ्यांदा तोडणीनंतर, पैसा हातात आल्यावर. माणसं तीच होती. तरी तोडणीआधी त्यांची कामगिरी कमी पडली. अभ्यासकांनी काढलेला अर्थ असा, की पैशांची ओढाताण डोक्यातली बरीच जागा अडवून बसते, आणि उरलेल्या जागेत बाकीचे निर्णय घ्यावे लागतात.

आपल्या दुकानात हे रोज दिसतं. टेन्शनमध्ये असलेला माणूस गिऱ्हाइकावर खेकसतो. 'आजचा दिवस निघू दे' म्हणून महागडं कर्ज उचलतो. माल संपलाय हे विसरतो. जीएसटीची तारीख चुकवून लेट फी भरतो. म्हणजे टेन्शनमुळे पैसा जातो, आणि पैसा गेला की टेन्शन वाढतं.

यातून पहिला नियम निघतो. डोक्यात हिशोब करायचा नाही, कागदावर करायचा. रात्री अडीच वाजता छताकडे बघत केलेली बेरीज कधीच जुळत नाही. दर वेळी नवीन देणं आठवतं आणि तीच बेरीज पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कागदावर एकदा लिहिलेलं देणं मात्र रात्रीतून वाढत नाही.

रोजच्या ७,००० मधले आपले किती?

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावात एक स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान आहे. महिन्याला २६ दिवस उघडं, रोजची विक्री सरासरी ७,००० रुपये. म्हणजे महिन्याला १,८२,००० रुपये. ऐकायला छान वाटतं ना? आता वजाबाकी करू.

- मालाची खरेदी (सरासरी ३० टक्के मार्जिन धरून): १,२७,४००
- हातात राहिले: ५४,६००
- दुकानाचं भाडं ९,०००, वीज ३,०००, मदतनीस मुलाचा पगार ८,०००, किरकोळ २,०००. एकूण खर्च: २२,०००
- राहिले: ३२,६००
- मुद्रा कर्जाचा हप्ता: ८,६००
- घरासाठी उरले: २४,०००

२४,००० भागिले २६ म्हणजे दिवसाला साधारण ९२३ रुपये. संध्याकाळी गल्ल्यात ७,००० मोजतो तेव्हा त्यातले ४,९०० मालवाल्याचे असतात, ८४६ दुकानखर्चाचे आणि ३३१ बँकेचे. घराच्या वाट्याला ९२३ येतात.

हा आकडा पहिल्यांदा काढल्यावर बरेच जण गप्प होतात. 'एवढं राबून फक्त ९२३?' वाईट वाटणं साहजिक आहे. पण हा आकडा माहीत नसतो तेव्हा आपण ७,००० च्या हिशोबाने वागतो. गल्ल्यातून पाचशेची नोट काढून भाजी-दूध, हजार रुपये पाहुण्यांसाठी, दोन हजार लग्नाच्या आहेरासाठी. प्रत्येक वेळी वाटतं, गल्ल्यात आहेत की!

आता याच घराचा महिन्याचा खर्च बघू.

- किराणा, दूध, भाजी, गॅस: ११,०००
- घरचं लाइटबिल, मोबाइल, पेट्रोल: ४,०००
- शाळेची फी (वर्षाची रक्कम १२ ने भागून): ३,०००
- आई-वडिलांची औषधं: २,५००
- गाडीचा हप्ता: ३,२००
- भिशी: ३,०००
- मोबाइल अॅपवरून घेतलेल्या कर्जाचा हप्ता: २,८००

एकूण २९,५००. घरासाठी होते २४,०००. म्हणजे दर महिन्याला ५,५०० चा खड्डा.

हे ५,५०० भरतं कोण? मालाचा पैसा भरतो. डिस्ट्रिब्युटरला द्यायच्या रकमेतून घर चालतं. वर्षाला ६६,००० रुपयांचा माल असा हळूहळू घरात विरघळतो. फळ्या रिकाम्या दिसायला लागतात, गिऱ्हाईक 'हे नाही का? ते नाही का?' विचारून परत जातं, आणि विक्री आणखी घटते. धंदा मंदावलाय असं आपण म्हणतो. खरं तर धंद्याचं भांडवल घरात खर्च झालेलं असतं.

खड्डा मोजला की तो आटोक्यात दिसतो

'माझी परिस्थिती खूप वाईट आहे' या वाक्यावर काही उपाय करता येत नाही. 'मला महिन्याला ५,५०० कमी पडतात' यावर करता येतो. वरच्याच उदाहरणात बघू.

पहिलं, वहीतली उधारी. समजा या दुकानाची ३८,००० रुपये उधारी बाहेर आहे. शाळा, क्लासवाले, शेजारपाजारचे. सगळी येणार नाही हे धरून चला. पण पंधरा दिवस नेटाने मागितली आणि त्यातली १२,००० आली, तरी अॅपच्या कर्जाचे राहिलेले चार हप्ते (११,२००) एकदम मिटवता येतात. महिन्याचे २,८०० सुटले. खड्डा राहिला २,७००.

दुसरं, भिशी. चालू भिशी मध्येच सोडायची नाही, शब्द जातो. पण ही फेरी संपली की पुढची ३,००० ऐवजी १,५०० ची घ्या. खड्डा राहिला १,२००.

तिसरं, विक्री. ३० टक्के मार्जिनवर १,२०० रुपये जास्त मिळवायला महिन्याला ४,००० ची विक्री वाढवावी लागेल. २६ दिवसांनी भागा. रोज साधारण १५४ रुपये. लॅमिनेशन, स्पायरल बाइंडिंग, ऑनलाइन फॉर्म भरून देणं, यातलं एखादं काम वाढवलं तरी हा आकडा गाठता येतो. अशा कामात मार्जिनही मालापेक्षा जास्त सुटतं.

काल रात्रीपर्यंत जो डोंगर होता तो आता रोजच्या १५४ रुपयांवर आला. प्रत्येकाचं गणित इतकं सरळ सुटेल असं मी म्हणणार नाही. काहींचा खड्डा ५,५०० नसतो, ३०,००० असतो. तिथे गाडी विकणं, दुकान छोट्या जागेत नेणं, घरातल्या दुसऱ्या कोणी कमवायला लागणं असे कडू निर्णय घ्यावे लागतात. पण तेही कागद समोर असेल तरच नीट घेता येतात.

उधारी मागायची लाज वाटते? मग बोलू नका, मेसेज करा. महिन्याच्या ५ तारखेला सगळ्यांना एकाच पद्धतीने: 'नमस्कार सर, आपल्याकडे मागील बाकी १,८५० रुपये आहे. १० तारखेपर्यंत जमा केलेत तर मला माल भरायला मदत होईल. क्यूआर सोबत पाठवला आहे.' यात भांडण नाही, टोमणा नाही. तारीख आहे, रक्कम आहे आणि पैसे पाठवायची सोय आहे.

आधी कोणाचं द्यायचं?

पैसे कमी आणि देणेकरी जास्त, अशा वेळी आपण सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याला आधी देतो. हे चुकतं. देणं न दिल्यास काय गमवावं लागेल, यावर क्रम ठरवा.

१. घरातलं अन्न, औषध, लाइट, राहत्या घराचं भाडं. यात तडजोड नाही.

२. दिलेले चेक. डिस्ट्रिब्युटरला पुढच्या तारखेचे चेक दिले असतील तर त्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. चेक न वटणं हा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली गुन्हा आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस मिळतात, त्यामुळे नोटिशीचं पाकीट न उघडता ठेवू नका.

३. तारण ठेवलेलं कर्ज. घर, दुकान, सोनं. हप्ते थकले तर वस्तू जाते.

४. सगळ्यात जास्त व्याजाचं कर्ज. क्रेडिट कार्ड, अॅप, खासगी उसनवारी. 'शेकड्याला महिना ३ रुपये' ऐकायला हलकं वाटतं, पण ते वर्षाला ३६ टक्के होतात.

५. नातेवाईक आणि मित्र. यांना शेवटी ठेवलंय म्हणजे विसरायचं असं नाही. त्यांना फोन करून तारीख सांगा. फोन टाळल्याने नातं जास्त बिघडतं, उशिराने तेवढं नाही.

आणि देणेकऱ्याशी तारखेच्या आधी बोला. डिस्ट्रिब्युटरला असं सांगता येतं: 'शेठ, या महिन्यात पूर्ण बिल जमणार नाही. १२ ला पाच हजार आणि २७ ला पाच हजार देतो. तोपर्यंत नवीन माल रोखीनेच उचलतो.' मी स्वतः दुकानदार आहे, मलाही लोक उधारी मागतात. जो आधी येऊन सांगतो त्याच्यावर विश्वास बसतो. जो फोन उचलत नाही त्याचा माल थांबतो.

हप्ता चुकला तर नेमकं काय होतं?

बऱ्याच जणांची झोप उडते ती कल्पनेतल्या गोष्टींनी. 'एक हप्ता चुकला की उद्या बँकवाले दुकानाला सील लावतील.' खरा क्रम समजून घ्या.

हप्ता थकून ९० दिवस उलटले की खातं एनपीए धरलं जातं. तारण असलेल्या कर्जात सरफेसी कायद्याखाली मालमत्तेचा ताबा घ्यायचा असेल तर आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे बोलायला वेळ असतो. मात्र उशीर झाला की दंड लागतो आणि क्रेडिट रिपोर्टवर नोंद होते, हेही तितकंच खरं. म्हणून पहिला हप्ता चुकण्याआधीच शाखेत जा. मॅनेजरसमोर विक्रीची वही आणि बँक स्टेटमेंट ठेवा, आणि हप्त्याची तारीख बदलणं किंवा मुदत वाढवून हप्ता कमी करणं शक्य आहे का ते लेखी अर्जाने विचारा. मुदत वाढली की एकूण व्याज जास्त जातं, ते किती हेही विचारून घ्या.

वसुलीच्या फोनची भीती वाटते त्यांनी हे पाठ करून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेनुसार थकीत कर्जासाठी वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना-मित्रांना त्रास देणं, यातलं काहीच चालत नाही. असं झालं तर तारीख-वेळ लिहून आधी त्या बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती फुकट असते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. कर्ज बुडवायला हे हक्क नाहीत. कर्ज फेडत असताना माणूस म्हणून जगता यावं यासाठी ते आहेत.

अॅप आणि सावकार: इथे थांबा

'पाच मिनिटांत कर्ज' म्हणणाऱ्या अॅपचं एक गणित करू. १०,००० मागितले, फी कापून हातात आले ८,५००, आणि ३० दिवसांनी भरायचे १०,५००. वापरायला मिळाले ८,५०० आणि त्यावर महिन्याला गेले २,०००. म्हणजे साडेतेवीस टक्के, तेही एका महिन्याचे! कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात एवढं मार्जिन महिन्याला सुटत नाही की त्यातून हे कर्ज फेडून वर काही उरेल. मग ते फेडायला दुसरं अॅप येतं.

डिजिटल कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये नियम आणले. कर्जाची रक्कम थेट तुमच्याच बँक खात्यात यायला हवी. सगळा खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो हे सांगणारं माहितीपत्रक आधी मिळायला हवं. अॅपने तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लॉग बघायचे नाहीत. जे अॅप कॉन्टॅक्टची परवानगी मागतं ते तिथेच डिलीट करा. फोटो किंवा कॉन्टॅक्ट वापरून धमक्या येत असतील तर घाबरून पैसे पाठवत बसू नका. स्क्रीनशॉट ठेवा, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि पोलीस ठाण्यात जा. आणि तुमच्या नातेवाइकांना तुम्हीच आधी सांगून टाका. 'असे मेसेज येतील, लक्ष देऊ नका' एवढं सांगितलं की त्या धमकीतला जोर बराच कमी होतो.

गावातल्या सावकाराबद्दलही तेच. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. कोऱ्या कागदावर सही, कोरा चेक, जमिनीचं खरेदीखत मागणाऱ्याकडून पैसे घेऊ नका. घेतले असतील आणि छळ सुरू असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात तक्रार करता येते.

स्वतःला पगार द्या

आता जरा पुढचं. हा गुंता पुन्हा होऊ नये म्हणून तीनच सवयी सांगतो.

एक, दोन खाती ठेवा. दुकानाचा क्यूआर दुकानाच्या खात्याला जोडा. घरचा खर्च दुसऱ्या खात्यातून करा. फोनपे, जीपेवर घरचं दूध आणि दुकानाचा माल एकाच खात्यातून गेला की महिनाअखेरीला कोणालाच काही कळत नाही.

दोन, पगार ठरवा. वरच्या उदाहरणात घराला २४,००० मिळू शकतात. मग दर सोमवारी ५,५०० दुकानाच्या खात्यातून घरच्या खात्यात टाका. चार आठवड्यांचे २२,००० झाले. उरलेले २,००० दुकानात अडीअडचणीसाठी राहू द्या. आठवडाभर गल्ल्याला हात लावायचा नाही. पहिले दोन आठवडे जड जातात, घरातही कुरकुर होते. तिसऱ्या आठवड्यापासून घरच्यांनाही अंदाज येतो.

तीन, वर्षातून एकदा येणारे खर्च १२ ने भागा. जूनमधली फी, वह्या-पुस्तकं, गाडीचा विमा, गणपती, दिवाळी, घरातलं एखादं कार्य. हे खर्च दर वर्षी येतात आणि दर वर्षी आपण 'अचानक आलं' म्हणतो. वर्षाचे ३६,००० होत असतील तर महिन्याला ३,००० वेगळे काढायला हवेत. रोजची पिग्मी यासाठी चांगली. फक्त एक लक्षात ठेवा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसीचं विमा संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. त्यामुळे सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवू नका.

'मला काही झालं तर घराचं काय?' ही चिंता कर्जदाराला सगळ्यात जास्त खाते. बचत खात्यातून वर्षाला ४३६ रुपयांत प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा (वय १८ ते ५०) आणि २० रुपयांत सुरक्षा विमा (वय १८ ते ७०) मिळतो. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख. दोन्ही मिळून ४५६ रुपये. बँकेत जाऊन तुमचं चालू आहे की बंद पडलंय ते बघा.

आणि ज्यांनी अजून दुकान सुरू केलं नाही, फक्त विचार चाललाय, त्यांच्यासाठी: घराचा सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय उडी मारू नका. घराला महिन्याला २०,००० लागत असतील तर १,२०,००० वेगळे हवेत, आणि ते भांडवलात धरायचे नाहीत. नवीन दुकानाला गिऱ्हाईक बांधायला वेळ लागतो. तेवढा वेळ घर शांत राहिलं पाहिजे, नाहीतर पहिल्याच महिन्यापासून मालाचा पैसा घरात जायला लागतो.

घरी सांगायचं की नाही?

सांगायचं. पुरुषांना हे जास्त जड जातं. 'तिला कशाला उगीच टेन्शन', 'आई-बाबांना काय वाटेल', 'भाऊबंद हसतील'. पण घरच्यांना कळत नाही असं तुम्हाला वाटतं. जेवताना तुम्ही बोलत नाही, फोन आला की बाहेर जाऊन बोलता, मुलांवर ओरडता. ते सगळं त्यांना दिसतं, फक्त कारण माहीत नसतं. मग ते त्यापेक्षा वाईट काहीतरी मनात धरतात.

सांगताना रडगाणं गाऊ नका, कागद पुढे ठेवा. 'हे आपलं येणं, हे देणं, महिन्याला एवढे कमी पडतात, मी असं असं करायचं ठरवतोय, तुला काय वाटतं?' रविवारी अर्धा तास पुरे. घर चालवणाऱ्या बाईला महिन्याच्या खर्चाची जेवढी बारीक माहिती असते तेवढी आपल्याला नसते, त्यामुळे खर्चाची कात्री कुठे लावायची हे तिथूनच कळतं. आणि बायकांनो, दुकान तुम्ही चालवत असाल तर हेच तुम्हालाही लागू. घरखर्च गुपचूप गल्ल्यातून भरून 'सगळं छान चाललंय' दाखवू नका.

मुलांनाही वयाप्रमाणे सांगा. 'या वर्षी सायकल नाही, पुढच्या वर्षी बघू' एवढं त्यांना समजतं.

शरीर आणि मन

रात्री दुकान बंद झाल्यावर पंधरा मिनिटं हिशोब, मग वही बंद. त्यानंतर मोबाइलवर बॅलन्स बघायचा नाही. रात्री काही आठवलंच तर उशाशी ठेवलेल्या कागदावर एक ओळ लिहा आणि झोपा. सकाळी बघू. रोज वीस मिनिटं चाला. दारू आणि ऑनलाइन गेम यांनी पैशांचं टेन्शन तासभर विसरतं आणि दुसऱ्या दिवशी वाढलेलं सापडतं. 'एका डावात सगळं वसूल करतो' हा विचार आला तर मोबाइल घरच्यांच्या हातात द्या.

आणि एक मनापासून सांगतो. झोप पार उडाली असेल, जेवण जात नसेल, 'मी नसलेलो बरा' असे विचार येत असतील, तर हिशोब बाजूला ठेवा आणि आजच कोणाशी तरी बोला. १४४१६ ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे. चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आपल्या ओळखीचा एखादा दुकानदार अचानक गप्प गप्प राहायला लागला असेल, तर त्याच्या दुकानात जाऊन चहा घ्या आणि थेट विचारा. कर्जाला मुदत वाढवून मिळते, पुनर्रचना होते, तडजोड होते. माणूस गेला तर घरच्यांकडे कर्जही राहतं आणि माणूसही राहत नाही.

या आठवड्याचं काम

- सोमवार: येणं आणि देणं दोन पानांवर लिहा. रक्कम, व्याज, तारीख.
- मंगळवार: रोजच्या विक्रीतले घराचे किती, तो आकडा काढा.
- बुधवार: घरखर्च लिहा, खड्डा किती ते बघा.
- गुरुवार: उधारीचे मेसेज पाठवा.
- शुक्रवार: ज्या एका देणेकऱ्याचा फोन टाळताय, त्याला तुम्हीच फोन करा.
- शनिवार: दुकानाचं आणि घरचं खातं वेगळं करा.
- रविवार: कागद घेऊन घरच्यांसोबत बसा.

सगळं एका आठवड्यात नाही जमलं तरी चालेल. सोमवारचं काम मात्र सोमवारीच करा, कारण बाकी सगळं त्या दोन पानांवर उभं आहे. ज्यांना वहीचा नमुना हवा आहे त्यांनी व्हिडिओच्या शेवटी दाखवलेलं पान थांबवून उतरवून घ्या, साध्या शंभर पानी वहीत बसतं.

पुढच्या भागात आपण उधारीवरच बोलू: कोणाला द्यायची, किती द्यायची आणि 'नाही' कसं म्हणायचं. तोपर्यंत काळजी घ्या, आणि गल्ला मोजताना आपले किती ते आधी बाजूला काढा.